पिंपळकर काकांची भीती

जबलपूरला नोकरीवर रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पिंपळकर काकांनी मला सहाव्या मजल्यावरून खाली हाकललं. शहराच्या कडेला दोन उंच इमारतींचं काम चालू होतं. मी तिथली नवी इंजिनिअर आणि ते सेफ्टी ऑफिसर. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. शर्टाच्या खिशात फुटाणे, कमरेला सेफ्टी बेल्ट आणि पिवळ्या हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली इतकी घट्ट आवळलेली की बोलताना गाल वर यायचे. साइट दाखवत दाखवत ते मला स्लॅबच्या काठाशी घेऊन गेले. म्हणजे काठाशी मी गेले. ते चांगली चार पावलं मागे, एका कॉलमला हाताचा विळखा घालून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "भीती वाटून राहिली का, बेटा?"

"छे!" मी म्हटलं. नव्या नोकरीत दुसरं काय म्हणणार? त्यात आजूबाजूचे कामगार हातातलं काम थांबवून टकामका बघत होते. ही मॅडम रडते की पळते, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"अच्छा," काका म्हणाले. "मग आज तू खालीच थांब. वाळूचा ट्रक येऊन राहिला, तो उतरवून घे."

मला आधी थट्टा वाटली. पण ते खरोखर जिन्याकडे हात करून उभे होते. "रागावू नको. तुझ्या शिक्षणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला भीती वाटत नाही त्याला मी वर ठेवत नसतो. उद्या पुन्हा विचारतो."

मी कराडची. आमच्याकडे असं तोंडावर कुणी बोललं की दोन दिवस जेवण जात नाही. त्या दिवशी उन्हात वाळू उतरवून घेताना मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी "हो" म्हटलं, तर ते माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होते. बूट काठापासून किती लांब आहेत, टाचा टेकल्यात की नाहीत, हे त्यांनी नीट पाहिलं आणि मगच मान हलवली.

हाच प्रश्न ते रोज सकाळी वर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. "डर लग रहा है?" छाती काढून "नहीं, काकाजी" म्हणणाऱ्याला त्या दिवशी खाली विटा भिजवायला लावायचे. मग सगळेच हसत हसत "बहोत डर लग रहा है" म्हणायला शिकले. काका त्या उत्तराकडे कानाडोळा करत आणि पायांकडे बघत.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या साइटवर, मालकापासून चहावाल्यापर्यंत, उंचीला सगळ्यात जास्त भिणारा माणूस कोण, तर आमचे सेफ्टी ऑफिसर. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा चेहरा उतरायचा. चौथ्यावर बोलणं बंद व्हायचं. पाचव्यापासून गुडघे थरथरायला लागायचे. पँटचं कापड हलताना लांबूनही दिसायचं. पोरं त्याला 'काकाजी का मीटर' म्हणायची. आणि हा माणूस मालाच्या लिफ्टमध्ये न बसता, रोज सकाळी जिन्याने, भिंतीला खांदा घासत, अगदी शेवटच्या मजल्यापर्यंत जायचा. प्रत्येक मजल्यावर कॉलमला धरून उभा राहायचा, घामाघूम होऊन सगळं बघायचा आणि मग उतरायचा. एक दिवस चुकवला नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याचं वर जाणं मी पुष्कळ पाहिलं होतं. इतकी भीती वाटूनही रोज जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. माझा राग कधी गेला ते मला कळलंही नाही.

एका रविवारी ते आणि विमलकाकू मला भेडाघाटला घेऊन गेले. धुआंधार धबधब्याच्या कठड्याला रेलून सगळं जग फोटो काढत होतं. काका मात्र मागे, भुट्टेवाल्याच्या गाडीपाशी, काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरून उभे होते. "पाणी इथूनही दिसते," म्हणाले. काकू मला म्हणाल्या, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा आलो तेव्हाही इथंच उभे होते. मी एकटीच भिजून आली." वर रोपवेचे पाळणे जात होते. काकांनी त्यांच्याकडे पाहायचंही टाळलं.

"काका, मग ही नोकरी काहून धरली तुम्ही?" मी विचारलं. त्यांच्या संगतीत माझ्याही तोंडात 'काहून' बसलं होतं.

त्यांनी फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "कारखान्यात मी उभा जन्म बारूदच्या बाजूला काढला. तिथं नवा माणूस कसा चालते? हळू, पाय मोजत. आणि जुना? गाणं म्हणत. आम्हांला नव्याची चिंता नसे, गाणं म्हणणाऱ्याची असे. सवय झाली की भीती मरते, बेटा. माझी कधी मेली नाही. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, एवढी चांगली ठेवलेली वस्तू आहे, कुणाच्या तरी कामी यावी."

साइटवर गाणं म्हणत चालणाऱ्यांचा म्होरक्या होता सुखलाल मरावी. मंडल्याकडचा. इमारतीच्या बाहेरून लोखंडी पाइपांची जी परांची बांधतात, ज्यावर उभं राहून बाकीचे गवंडी-रंगारी काम करतात, ती बांधणारी टोळी त्याची. परांची बांधणाऱ्याला धरायला काही नसतं, तोच इतरांसाठी धरायला तयार करत असतो. सुखलालची माणसं चपला काढून, पहिल्या पाइपाला हात लावून तो हात कपाळाला लावायची आणि मग अनवाणी चढायची. पाइपावरून अशी चालायची की खाली उभी मी दुसरीकडे बघायची.

त्यांना भीती नव्हती असं मात्र नाही. विटांच्या ढिगात हात घालताना सुखलाल आधी काठी आपटायचा, विंचू असेल म्हणून. उघडी वायर दिसली की लांबून वळसा घालायचा. लाकडी फळ्यांची थप्पी हलवायची तर सापाच्या धास्तीने टोळीतले सगळे एकमेकांना पुढे करायचे. फक्त उंची त्यांच्या हिशेबातच नव्हती. मी एकदा त्यावरून छेडलं तर सुखलाल हसला. "ऊँचाई काटती थोड़े है, मैडम."

बेल्टबद्दलचं त्यांचं मतही ठरलेलं होतं. बेल्ट नव्या माणसासाठी. ज्याला चढता येतं त्याने तो लावणं म्हणजे आपल्याला चढता येत नाही असं चारचौघांत सांगणं. बेल्टच्या दोरीला हूक असतं आणि ते इमारतीभोवती ताणलेल्या तारेत अडकवायचं असतं. साहेब आले की टोळी ते हूक अडकवायची, पण तारेत नाही, स्वतःच्याच कमरेच्या कडीत! खालून पाहणाऱ्याला सगळं शिस्तीत दिसायचं. साहेब खूश, टोळी खूश. माणूस मात्र स्वतःलाच बांधलेला.

बाकीच्या सामानाची गतही तीच. हेल्मेट उलटं करून त्यात खिळे ठेवायचे, नाहीतर त्यावर बसून जेवायचं. पडणाऱ्याला झेलायला मोठी जाळी लावली, तर चार दिवसांत तिच्यावर गमछे वाळायला लागले आणि दुपारी दोघंतिघं तिच्यात झोपलेले सापडले. इतकी गार हवा खाली कुठे मिळणार! मी डोक्याला हात लावला. काका नुसते बघत राहिले. "यांना वाटते साहेबांनी पाळणा लावून दिला. तू बोर्ड लाव, दंड लाव, शिटी वाजव. उद्या त्या बोर्डावरही गमछा वाळेल."

काकांनी खरंच कधी शिटी वाजवली नाही. त्यांनी जे केलं ते ठरवून केलेलं नव्हतं, ते झालं.

आठव्या मजल्याची परांची चालली होती. काका काठाजवळच्या कॉलमला धरून उभे होते आणि समोर सुखलाल, पाठीवर पाइप, हूक स्वतःच्या कमरेत, एका आडव्या पाइपावरून पलीकडे निघाला होता. मध्येच त्याने वळून काहीतरी थट्टा केली आणि एक पाय उचलून झुलवला. काकांच्या घशातून एक आवाज निघाला. मी मागेच होते, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या क्षणी ते कॉलमच्या बुडाशी बसले होते. डोळे मिटलेले, ओठ पांढरे, दोन्ही गुडघे थडथड उडत होते.

सगळी टोळी धावली. सुखलालनेच पाणी पाजलं, पट्टी सैल केली, हेल्मेट काढून गमछ्याने वारा घातला. "काकाजी, हम तो नहीं गिरे. आपको क्या हुआ?"

काकांनी नुसता हात लांब करून सुखलालच्या अनवाणी पावलावर ठेवला. तो पाय जागेवर आहे याची खात्री करावी तसा तो हात बराच वेळ तिथे राहिला. सुखलालचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवसापासून एक विलक्षण प्रकार सुरू झाला. काकांचं पिवळं हेल्मेट जिन्यात दिसलं की वरून हाक यायची, "हूक लगाओ रे, काकाजी आ रहे हैं!" आणि हुकं तारेत अडकायची. खरोखरच्या तारेत. साहेबांसाठी जे कमरेत अडकत होतं ते काकांसाठी तारेत अडकायला लागलं, कारण साहेबांना फसवता येत होतं, गुडघ्यांना नाही. हूक तारेत असलं की थरथर थोडी कमी व्हायची, नसलं की वाढायची. टोळीला वाटायचं, बिचारा म्हातारा, उगाच याच्या जिवाला घोर नको. स्वतःच्या जिवासाठी ज्यांनी कधी बेल्ट लावला नाही ती माणसं या म्हाताऱ्याची तब्येत जपायला तो लावायला लागली. आणि काका दिवसातून कधीही, कितीही वेळा वर यायचे, म्हणून हुकं तारेतच राहायला लागली. मी शिकले त्या पुस्तकांत हे कुठेच नव्हतं. मला त्या दोघांपुढेही, त्या गुडघ्यांपुढे आणि त्या टोळीपुढे, हात जोडावेसे वाटले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ती सकाळ आली. थंडीचे दिवस. अकराव्या मजल्यावर ऊन छान पडलं होतं आणि चहावाल्याने ग्लास वर आणून दिले होते. मी वर पोचले तर काका काठाशी उभे. अगदी काठाशी. एक हात खिशात, दुसऱ्यात ग्लास, खाली रस्त्याकडे बघत फुंकर मारून चहा पिताहेत.

"काका!" माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी वळून पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. बूट काठापासून वीतभर. पँटचं कापड स्थिर. ते सावकाश मागे सरकले, ग्लास खाली ठेवला आणि कॉलमला धरलं, पण तो हात सवयीचा होता, गरजेचा नव्हता. आमच्या दोघांच्याही ते ध्यानात आलं.

"गेली," ते म्हणाले. घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज होता. "मी कधीचा उभा होतो, सांग? मला माहीतच नाही."

मला आधी त्यांच्यासाठी बरं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते बोलवेना. पलीकडे सुखलालची टोळी पाइप चढवत होती. आज काकाजी खुशीत आहेत, हे त्यांनीही पाहिलं होतं. दोन हुकं आधीच तारेतून सुटून मोकळी लोंबत होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं. "थोडं नाटक करा ना काका," मी गळ घातली. "गुडघे हलवायचे, दुसरं काय? त्यांना काय कळणार आहे?"

"बेटा, ही माणसं पाइपाला हात लावून सांगतात वारा येऊन राहिला की नाही. त्यांना माझं नाटक नाही कळणार? आणि एकदा कळलं ना, की मग खरी भीतीही खोटी वाटेल." त्यांनी हेल्मेट माझ्याकडे सरकवलं. "माझंही गाणं सुरू झालं. गाणं म्हणणारा माणूस मी वर ठेवत नसतो. आता काही दिवस उंचीचं तोंड पाहणार नाही. भीती परत आली तर येईन."

"नाही आली तर?"

"तर दुसरा कोणी भित्रा शोधा," असं म्हणून ते हसले, पण स्कूटर सुरू करताना त्यांना दोनदा किल्ली सापडली नाही.

त्यांच्या जागी एक तरतरीत माणूस आला. शिटी घेऊन आला, दंड लावला, बोर्ड रंगवले. शिटी वाजली की हुकं लागायची, कमरेच्या कडीत. शिटी लांब गेली की तीही सुटायची. मी वर जाऊन ओरडायची, विनवायची. "हाँ मैडम, हाँ मैडम," म्हणत सगळे ऐकायचे आणि मी जिना उतरेपर्यंत विसरायचे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं काम तेवढं उरलं होतं, सगळ्यात उंच आणि सगळ्यात उघड्यावरचं.

टाकीची परांची सुरू झाली त्याच दिवशी सुखलालचा मेहुणा फग्गू घसरला. पाय सुटला, पण पडता पडता काखेत पाइप आला आणि तो लोंबकळत राहिला. ओढून वर घेतला. हूक त्याच्या स्वतःच्याच कमरेला होतं. टोळी दिवसभर त्यावर हसत होती, फग्गूही हसत होता, नक्कल करून दाखवत होता. सुखलाल मात्र हसला नाही. काम सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मैडम, काकाजी के घर चलें?"

"कशाला, सुखलाल?"

तो जरा वेळ गमछा पिळत राहिला. "फग्गू लटका था, तो हमको डर नहीं लगा। हम भी हँसने ही वाले थे। ये ठीक बात नहीं है, मैडम। हम लोग में किसी के पास बचा नहीं है। एक काकाजी के पास था।"

शहरातल्या चेरीताल भागात काकांचं घर तळमजल्यावर. काकूंनी दार उघडलं आणि तक्रारींची पोतडीच सोडली. "बरं झालं आलीस. यांचा उपास चालू आहे, ऐकलंस का कधी असा? गच्चीवर जात नाहीत. पलंगावर झोपत नाहीत, खाली गादी टाकून राहिले. पंख्यावर बोटभर धूळ साचली, पण स्टुलावर चढत नाहीत. आज सकाळपासून मात्र शिडी मांडून तिच्याकडे बघून राहिलेत."

बैठकीच्या खोलीत मधोमध शिडी होती. काका तिच्यासमोर पायजम्यात उभे होते. आम्हांला पाहून त्यांनी काही विचारलं नाही. सुखलालच्या तोंडाकडे पाहूनच त्यांना काय ते समजलं असावं. ते म्हणाले, "धर."

सुखलालने शिडी धरली. काका पहिल्या पायरीवर चढले आणि थांबले. काही नाही. दुसरी. पायजमा सरळ. आम्ही तिघंही त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतो. काकूंनी देवाच्या फोटोकडे पाहून डोळे मिटले. तिसऱ्या पायरीवर काकांनी सावकाश खाली पाहिलं, फरशीकडे, सुखलालच्या डोक्याकडे, त्याच्या अनवाणी पायांकडे. तिथे त्यांची नजर थांबली. आणि पायजम्याचं कापड हललं. आधी उगीच, वारा लागल्यासारखं. मग शिडीच कडकड वाजायला लागली.

"बेटा, बघ!" चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे आणि डोळ्यांत नातवंड झाल्याचा आनंद. "हलून राहिले! बघ, हलून राहिले!"

"घाबरल्याचा आनंद होणारा नवरा साऱ्या जगात मलाच मिळाला," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. सुखलालने काकांना कडेवरून मूल उतरवावं तसं अलगद खाली घेतलं.

पुढे त्या टाकीचं काम संपलं आणि माझी बदली इंदूरला झाली. काका आठवतात ते शिडीवर चढले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे. गच्चीवर वारा होता. जिन्याच्या तोंडाशी पिवळं हेल्मेट दिसलं, मग भिंतीला घासत येणारा खांदा. ते टाकीखालच्या कॉलमपाशी पोचले आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले. गुडघे असे उडत होते की खिशातले फुटाणे खाली सांडत होते. टोळीने चपला काढल्या, पाइपाला हात लावून कपाळाला लावला. कुणी हाक दिली नाही, तरी तारेवर एकामागून एक हूक अडकत गेल्याचे आवाज आले. शेवटचा फग्गूचा. सगळ्यांत पुढे असलेल्या सुखलालने आपलं हूक ओढून पाहिलं आणि मागे वळून विचारलं, "काकाजी, डर लग रहा है?"

काकांना डोळे उघडवत नव्हते. कॉलमला गाल लावूनच ते म्हणाले, "बहोत."

"तो चलो रे," सुखलाल म्हणाला आणि टोळी पाइपांवर चढली.